केळीच्या मर रोगाचे बीजाणू

केळीच्या बागेत मर रोग एकदा शिरला, की ती जमीन रोगाला बळी पडणाऱ्या जातींसाठी अनेक वर्षे निकामी ठरते. ‘पनामा रोग’ या नावानेही ओळखला जाणारा हा रोग फ्युजेरियम या बुरशीमुळे होतो. बुरशी मुळांवाटे झाडात शिरते आणि पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्या बंद पाडते. जुनी पाने पिवळी पडून देठाशी मोडतात व खोडाभोवती लोंबू लागतात. खोड चिरल्यास आत तांबूस-तपकिरी रेषा दिसतात.

ही बुरशी तीन प्रकारचे बीजाणू तयार करते. त्यांपैकी दोन पातळ भिंतीचे व अल्पायुषी असतात. तिसऱ्या प्रकाराला ‘क्लॅमिडोस्पोअर’ म्हणतात. त्याची भिंत जाड असते. रोगट झाड कुजले, की हे बीजाणू मातीत मिसळतात व सुप्तावस्थेत वीस वर्षांहूनही अधिक काळ तग धरतात. केळीचे मूळ जवळ आले, की त्यातून पाझरणाऱ्या द्रव्यांमुळे ते अंकुरतात. काही तणांच्या मुळांतही ही बुरशी कोणतेही लक्षण न दाखवता राहते. त्यामुळे केवळ जमीन पडीक ठेवून रोग जात नाही. मातीत दडलेल्या बुरशीवर बुरशीनाशकांचाही पुरेसा परिणाम होत नाही. होंडुरासमध्ये शेते कित्येक महिने पाण्याखाली बुडवून पाहिली गेली. पण पुन्हा लागवड होताच काही वर्षांत रोग परतला.

या रोगामुळेच ‘ग्रो मिशेल’ ही एकेकाळची प्रमुख निर्यातक्षम जात १९६० च्या दशकापर्यंत जागतिक व्यापारातून मागे पडली व तिची जागा रोगप्रतिकारक ‘कॅव्हेंडिश’ गटाने घेतली. मात्र ‘टीआर-४’ हा बुरशीचा नवा प्रकार या गटालाही ग्रासतो. तो २०१३ मध्ये मोझांबिकमध्ये, तर २०१९ मध्ये कोलंबियात आढळला. भारतात बिहार व उत्तर प्रदेशातही त्याची नोंद झाली आहे. जळगावची केळी प्रामुख्याने याच कॅव्हेंडिश गटातील असल्याने हा धोका महाराष्ट्रालाही लागू होतो.

बुरशी मुनवे, माती, पाणी आणि अवजारे यांतून पसरते. म्हणून रोगग्रस्त भागातील मुनवे न आणणे, निरोगी ऊतिसंवर्धित रोपे लावणे आणि अवजारे व पादत्राणे स्वच्छ ठेवणे हे महत्त्वाचे उपाय ठरतात. जमिनीत शिरलेली बुरशी घालवण्यापेक्षा तिला शिरू न देणेच अधिक शक्य असते.