घरी बाईक रंगवताय? टाकीचा रंग का टिकत नाही, ते आधी वाचा

स्प्रे कॅनने टाकी मस्त रंगते. पण पेट्रोल भरताना चार थेंब सांडले की रंग मऊ पडून निघायला लागतो. असं का होतं?

साध्या कॅनमधला लॅकर नुसता वाळतो, पेट्रोलला तोंड देईल इतका पक्का होत नाही. त्यासाठी वरून हार्डनर मिसळलेला 'टू-के' क्लिअर कोट लागतो. मात्र हार्डनरमधल्या आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो आणि कापडी मास्क ते अडवत नाही.

म्हणून टाकी उतरवून रिकामी करणं, ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून घासणं घरी करा. क्लिअर कोट पेंटरकडून मारून घ्या.

रंगच बदलायचाय? आरसीवर जुना रंग नोंदलेला असतो, त्यामुळे आधी आरटीओत जा.