बेकायदा बडतर्फी आणि थकीत वेतन : लाल ते अब्दुल मजीद (१९४८–१९५४)

शासकीय नोकरी हा करार मानला, तर बेकायदा बडतर्फीबद्दल नुकसानभरपाई मिळावयास हवी. इंग्लंडमध्ये राजसत्तेच्या सेवकास हा मार्ग बंद होता. नायजर संरक्षित प्रदेशात तीन वर्षांसाठी नेमलेल्या डन या अधिकाऱ्यास मुदतीपूर्वी काढले, तेव्हा न्यायालयाने त्याचा दावा फेटाळला. सेवक राजाच्या मर्जीपर्यंतच पदावर राहतो, हे त्यामागील तत्त्व. भारतात १९१९ च्या कायद्याने कलम ९६-ब द्वारे ही मर्जी लेखी स्वरूपात आणली. त्याच कलमाने, नेमणूक करणाऱ्याहून कनिष्ठ अधिकाऱ्यास बडतर्फीचा अधिकार नाही, हे बंधनही घातले. १९३५ च्या कायद्याच्या कलम २४० ने त्यास कारण दाखविण्याच्या वाजवी संधीची जोड दिली.

या संधीच्या अभावी इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधील आय. एम. लाल यांची १९४० मधील बडतर्फी प्रिव्ही कौन्सिलने मार्च १९४८ मध्ये रद्दबातल ठरवली. लाल सेवेतच होते, असे घोषित झाले. थकीत वेतन मात्र नाकारले गेले! त्यासाठी आधार घेतला तो मल्व्हेना या १९२६ च्या स्कॉटिश खटल्याचा. राजसेवकाचे वेतन हा हक्क नसून कृपादान आहे, ही अट त्याच्या करारात गृहीतच असते, असे तेथे म्हटले होते. नोकरी अबाधित, पण तिचा मोबदला मागण्याची सोय नाही, अशी ही विचित्र अवस्था होती.

तिचा शेवट १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिहार राज्य विरुद्ध अब्दुल मजीद या खटल्यात केला. फौजदाराची नेमणूक पोलीस महानिरीक्षकांनी केलेली, बडतर्फीचा हुकूम मात्र उपमहानिरीक्षकांचा. न्यायालयाचा युक्तिवाद प्रस्तुत लेखकास विशेष मार्मिक वाटतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार सरकारी नोकराच्या पगाराचा ठरावीक हिस्सा धनकोला जप्त करवता येतो. मग जे सावकाराला कोर्टामार्फत मिळू शकते, ते खुद्द नोकराने का मागू नये? मल्व्हेनातील वादही धनकोच्या जप्तीचाच होता; पण तेथील कायदा निराळा. आपल्याकडील संहितेने कृपादानाची कल्पना कधीच मोडीत काढली होती. प्रिव्ही कौन्सिलसमोर हा मुद्दा पुरेसा तपासला गेला नाही, याची किंमत लाल यांना मोजावी लागली.

पुढे १९६४ मध्ये एस. आर. तिवारी खटल्यात न्यायालयाने वैयक्तिक सेवेच्या कराराबाबतचा सर्वसाधारण नियम सांगितला : नोकर मालकावर लादता येत नाही, भरपाई तेवढी मिळते. अनुच्छेद ३११ चा भंग करून काढलेला शासकीय सेवक हा या नियमाचा अपवाद होय. त्याला पद परत मिळते. करारातील भरपाईचा उल्लेख संविधानात अनुच्छेद ३१०(२) मध्ये उरला आहे : विशेष अर्हतेच्या व्यक्तीस कराराने नेमले आणि मुदतीपूर्वी पदच रद्द झाले, अथवा गैरवर्तनाशिवाय अन्य कारणाने तिला ते सोडावे लागले, तर करारात तशी तरतूद असल्यास भरपाई देता येते.