रॅम्पवरचे शेवटचे तीस फूट

बोटीचा फोटो नेहमी पाण्यातला असतो. ती ज्या ट्रेलरवरून आली त्याचा फोटो कोणी काढत नाही. सैन्यातल्या बोटीचे आयुष्य मात्र बरेचसे रस्त्यावरच जाते. जानेवारी २०२१ मध्ये आपल्या सैन्याने गोवा शिपयार्डशी १२ गस्ती बोटींचा करार केला, तेव्हा उंचावरच्या तळ्यांची खूप चर्चा झाली. रस्त्याची फारशी झाली नाही. पँगाँग त्सो सुमारे १४,००० फुटांवर आहे आणि लेहहून तिकडे जाणारा रस्ता चांग ला ही सुमारे १७,५०० फुटांची खिंड ओलांडतो. कुठली बोट कधी आणि कशी गेली हे लिहिण्याची ही जागा नव्हे. पण गोव्यात बांधलेली बोट लडाखला पोहत जात नाही, एवढे कोणालाही कळेल.

खडकवासल्याला प्रबोधिनीत असताना पीकॉक बेवर आम्ही वल्ही मारायला शिकलो, शिडे सांभाळायला शिकलो. बोट पाण्यापर्यंत कशी आणायची हे पुढे पोस्टिंगमध्ये शिकलो, तेही एमटीच्या जुन्या हवालदारांकडून. त्यांच्या शिकवणीमागे बराच इतिहास आहे.

सुरुवात कॉन्स्टँटिनोपलपासून करू. २२ एप्रिल १४५३ रोजी सुलतान मेहमेदने सुमारे ७० जहाजे बॉस्फोरसच्या काठावरून गलाटामागच्या टेकडीवर चढवली आणि पलीकडे गोल्डन हॉर्नच्या पाण्यात उतरवली. खाली चरबी लावलेले ओंडके, ओढायला बैल आणि माणसे. चढावर वजन ओढायचे असते आणि उतारावर तेच वजन रोखायचे असते. बोट उतरवणाऱ्याचा मुख्य प्रश्न तेव्हापासून बदललेला नाही.

आता आपल्या जवळचे उदाहरण घेऊ. फेब्रुवारी १९४५, ब्रह्मदेश. जनरल स्लिमच्या चौदाव्या आर्मीतली ७ वी इंडियन डिव्हिजन न्यांगूपाशी इरावती ओलांडायला उभी होती. चौथी कोअर सुमारे ३०० मैल कच्च्या रस्त्याने, गांगाव खोऱ्यातून, गुपचूप तिथवर आली होती. बोटीही त्याच धुळीतून आणि खड्ड्यांतून आल्या होत्या. १४ फेब्रुवारीच्या पहाटे पहिली तुकडी वल्ह्यांच्या जोरावर आवाज न करता पार गेली. मागच्या तुकड्या मोटर लावलेल्या बोटींत होत्या. त्यातली काही इंजिने सुरूच झाली नाहीत, काही बोटी गळू लागल्या, रांगा विस्कटल्या, उजाडले आणि पलीकडून मशीनगन सुरू झाल्या. पुढे विमाने आणि रणगाड्यांच्या आधाराने पंजाबी पलटण पार गेली आणि ठाणे पक्के झाले. दुसऱ्या महायुद्धातले विरोधाखाली झालेले हे सर्वांत लांब नदीपार मानले जाते. मी त्यातून एक गोष्ट घेतो. रस्त्यावर बोटीची आणि गाडीची झालेली हेळसांड काठावर उघडी पडते, आणि तिथे दुरुस्तीला वेळ नसतो.

त्याच युद्धात अमेरिकनांनी ट्रेलरच काढून टाकायचा प्रयत्न केला. ‘डक’ नावाचा सहा चाकांचा ट्रक स्वतःच पाण्यात तरंगायचा. त्याच्या टायरमधली हवा ड्रायव्हर बसल्या जागी कमी-जास्त करू शकत असे, त्यामुळे वाळूतून चढता येई. अशा २१,००० हून अधिक गाड्या बनल्या. पण चाके पाण्यात बुडत होतीच, आणि भिजलेला ब्रेक पकडत नाही. म्हणून पाण्यातून बाहेर आल्यावर थोडे अंतर ब्रेक हलका दाबून चालवायचे, म्हणजे घर्षणाच्या उष्णतेने तो वाळतो. नाला ओलांडणाऱ्या प्रत्येक फौजी ड्रायव्हरला आजही हेच शिकवतात.

दिव्यांचा वारसाही त्याच काळचा. ब्लॅकआउटमध्ये कॉन्व्हॉय चालवायचा तर मागच्याला पुढची गाडी दिसावी आणि वरून विमानाला दिसू नये. ब्रिटिशांनी तोड काढली ती अशी: मागच्या डिफरेन्शियलला पांढरा रंग आणि त्यावर झाकलेला छोटा दिवा. आपल्या ट्रकमागे रात्री चाललेल्या प्रत्येकाने तो पांढरा ठिपका तासन्‌तास पाहिला आहे. रस्त्यावर तोच जीव वाचवतो.

रॅम्पवर मात्र रस्त्यावरचे हेच रक्षक अडचण होऊन बसतात. ट्रेलरचे मागचे दिवे प्रवासभर पेटलेले असतात. तापलेला बल्ब थंड पाण्यात बुडाला की काच तडकते, सॉकेटमध्ये पाणी जाते, फ्यूज उडतो. परतीच्या वाटेवर ट्रेलर अंधारात. म्हणून नियम झाला: पाण्याआधी दिव्यांचा प्लग काढा. सीलबंद एलईडी आल्यापासून बल्ब फुटण्याचा प्रश्न बराच मिटला, तरी वायरचे सांधे पाणी ओढतातच.

आता खरी गुंतागुंत. बऱ्याच बोट-ट्रेलरना रेट्याचा ब्रेक असतो. पुढची गाडी थांबू लागली की ट्रेलर आपल्या वजनाने पुढे रेटतो, हुकाजवळचा दांडा आत सरकतो आणि त्या दाबाने ट्रेलरच्या चाकांना ब्रेक लागतो. ड्रायव्हरला वेगळे काही करावे लागत नाही. पण रॅम्पकडे गाडी रिव्हर्समध्ये जाते. दांडा पुन्हा आत सरकतो, ब्रेक लागतो आणि ट्रेलर जागीच अडतो. यावर दोन उपाय आहेत. काही ट्रेलरमध्ये हाताने खीळ घालून दांडा अडवायचा. काहींमध्ये रिव्हर्सच्या दिव्याची तार एक व्हॉल्व्ह चालवते आणि ब्रेक सुटा ठेवते. ही तार दिव्यांच्याच प्लगमधून जाते! म्हणजे बल्ब वाचवायला प्लग लवकर काढला की ब्रेक अडकतो.

म्हणून क्रम महत्त्वाचा. सपाट जागेत आणि वाळूत प्लग लावलेलाच ठेवायचा. ट्रेलर उतारावर आला की तो स्वतःच्या वजनाने खाली ओढतो, रेटा उरत नाही. तिथे थांबायचे, चाकामागे लाकडी ठोकळा द्यायचा आणि मग प्लग काढायचा. यापुढे ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नाही. त्याचे आणि बोटीचे सगळे वजन पुढच्या गाडीच्या ब्रेकवर येते, आणि त्या गाडीची मागची चाके बहुधा शेवाळावर असतात. ठोकळा धरणारा जवान ट्रेलरच्या बाजूला उभा राहील, मागे कधीच नाही. ज्याने शेवाळावर लॉक झालेले चाक घसरताना पाहिले आहे, त्याला हे दोनदा सांगावे लागत नाही.

शेवटचा शत्रू दिसत नाही. लांबून किंवा घाट उतरून आलेल्या ट्रेलरचे हब हात लावता येणार नाहीत इतके तापलेले असतात. तसेच पाण्यात घातले की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत खेचले जाते. त्या दिवशी काहीच होत नाही. बेअरिंग गंजते आणि पुढच्या एखाद्या खेपेला भर घाटात दगा देते. उपाय बिनखर्चाचा आहे: हब निवेपर्यंत थांबायचे, चहा घ्यायचा. समुद्राचे पाणी असेल, तर परतल्यावर ड्रम आणि हब गोड्या पाण्याने धुवायचे.

नवीन पोरे विचारतात, “साहेब, बोट तर पाण्यात गेली, आता काय राहिले?” राहते ते असे. रिकामा ट्रेलर वर काढायचा, खीळ घातली असेल तर ती काढायची, नाहीतर पुढच्या उतारावर ट्रेलरला ब्रेकच नसेल. प्लग लावायचा. एकाने मागे उभे राहून डावा, उजवा, ब्रेक असा एकेक दिवा मोठ्याने सांगायचा. पहिला थोडा रस्ता ब्रेक हलका दाबून चालायचा. आणि हे सगळे रॅम्प मोकळा करून, बाजूला घेऊन करायचे. काठावर रॅम्प बहुधा एकच असतो आणि मागे दुसरी बोट उभी असते.