वनगांचं घर आणि पालघरचा प्रचार

उमेदवाराच्या घरात मतदारानं किती डोकवावं, हे पालघरनं २०१८ साली अनुभवलंय. ३० जानेवारीला भाजपचे खासदार चिंतामण वनगा गेले. मे महिन्यात पोटनिवडणूक लागली. पक्षानं विचारपूस केली नाही, असं म्हणत घरचे लोक मातोश्रीवर गेले आणि मुलगा श्रीनिवास शिवसेनेचा उमेदवार झाला. भाजपनं काँग्रेसमधून राजेंद्र गावितांना आणलं. मग काय, वनगांचा वारसा कुणाचा, यावरच सभा रंगल्या. तारापूर एमआयडीसीचं सांडपाणी, वाढवण बंदर, बुलेट ट्रेनच्या जमिनी मागे पडल्या.

गावित जिंकले. वर्षभरात तेच शिवसेनेचे खासदार! श्रीनिवास पालघरचे आमदार झाले, २०२२ मध्ये शिंदेंसोबत गेले. २०२४ला त्यांचं तिकीट कापून गावितांना दिलं. श्रीनिवास काही काळ बेपत्ता झाले, तेव्हा घरच्यांचं रडणं वाहिन्यांनी दाखवलं. ते कुठल्या मतदाराला हवं होतं?

घराची एक खोली कायद्यानं उघडलेली आहेच. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२च्या निकालानंतर उमेदवाराला जोडीदाराची आणि अवलंबितांची मालमत्ताही प्रतिज्ञापत्रात लिहावी लागते. हे योग्यच, बायकोच्या नावावर जमीन घेण्याची युक्ती आपल्याला नवी नाही. पण दुःखाचं प्रतिज्ञापत्र नसतं. त्याबद्दल घरच्यांना नव्हे, ते व्यासपीठावर नेणाऱ्या पक्षांना विचारायला हवं: २०१८मध्ये या घराचे कैवारी होतात, मग २०२४मध्ये कुठे होतात?