गाभा केव्हा बदलावा?

अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरहून एका अंगाला अचलपूर आणि दुसऱ्या अंगाला यवतमाळ अशी अडीच फुटी रुळांवरून ‘शकुंतला’ धावत असे. १९२१ साली मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन तिला सुमारे सत्तर वर्षे ओढत होते. १५ एप्रिल १९९४ रोजी ते काढून डिझेल इंजिन जोडले गेले. डबे, रूळ, स्थानके सारे तेच राहिले. रुळांमधले अंतर आणि डबे जोडण्याची रीत नव्या इंजिनाने पाळली, म्हणूनच हे जमले.

त्याच्या महिनाभर आधी, १४ मार्च १९९४ रोजी, फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ कर्नेलची १.० ही आवृत्ती जाहीर केली. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण प्रश्न एकाच जातीचा आहे: चालू व्यवस्थेचा गाभा केव्हा बदलावा आणि कसा?

कर्नेल म्हणजे संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. गुणपत्रक तयार करणारा प्रोग्रॅम डिस्कला किंवा प्रिंटरला स्वतः हात लावत नाही. तो कर्नेलकडे मागणी करतो. प्रयोगशाळेच्या कपाटांच्या किल्ल्या एकाच माणसाकडे असाव्यात, तसे हे. साधा प्रोग्रॅम चुकला तर तेवढाच बंद पडतो. कर्नेल चुकला तर सारा संगणक थांबतो.

त्यामुळे लिनक्सच्या मंडळींनी सुरुवातीला एक खूण ठरवली. आवृत्तीचा दुसरा अंक सम असेल तर ती रोजच्या वापराची, विषम असेल तर प्रयोगाची. १.२ वापरा, १.३ तपासा! योजना नामी होती, पण प्रयोग लांबत गेले. २.४ ही आवृत्ती जानेवारी २००१ मध्ये आली आणि २.६ डिसेंबर २००३ मध्ये. लोकांना तर नव्या सोयी लगेच हव्या होत्या. मग लिनक्स पुरवणाऱ्या कंपन्या प्रयोगातले तुकडे आपापल्या जुन्या कर्नेलला जोडू लागल्या आणि प्रत्येकीचा कर्नेल वेगळा होऊ लागला.

यातून शहाणपण आले. मोठा बदल वर्षानुवर्षे साठवण्यापेक्षा दर नऊ-दहा आठवड्यांनी थोडा थोडा बदल करायचा. २००५ पासून केवळ दुरुस्त्यांची वेगळी शाखा सुरू झाली. तिचा नियम असा की दुरुस्ती साधारण शंभर ओळींच्या आत हवी आणि खऱ्याखुऱ्या दोषावरच हवी. शिवाय नव्या कर्नेलने जुने प्रोग्रॅम मोडू नयेत, हा टोरवाल्ड्स यांचा आग्रह. शकुंतलेच्या रुळांमधले अंतर पाळण्यासारखेच हे!

उशीर केला तर काय होते? विंडोजमधल्या एका छिद्रावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दिली. ती न बसवलेल्या लाखो संगणकांवर १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ आदळला. २७ जूनला त्याच छिद्राचा उपयोग करणाऱ्या दुसऱ्या हल्ल्याने मर्स्क ही जहाज कंपनी पांगळी झाली आणि मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातले तिचे टर्मिनल ठप्प झाले. या हल्ल्याने चोरलेले पासवर्डही वापरले, म्हणजे नुसती दुरुस्तीही पुरेशी नव्हती.

आणि घाई केली तर? १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा प्रोग्रॅमसाठी एक सदोष फाइल जगभर एकदमच पाठवली गेली. हा प्रोग्रॅम कर्नेलच्या आतच काम करतो. सुमारे ८५ लाख संगणक कोसळले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कंपनीने चूक दीड तासाच्या आत मागे घेतली, पण जे संगणक सुरूच होत नव्हते त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोचणार कशी? कित्येक ठिकाणी एकेका यंत्रापाशी जाऊन ती करावी लागली.

दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली की उत्तर दिसते. सुरक्षेची दुरुस्ती लांबवू नये, मात्र सर्व यंत्रांवर एकदम बसवूही नये. अमरावती-अकोल्याच्या एखाद्या शाळेत दहा संगणक असतील, तर आधी नोंदींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी. मग एकाच संगणकावर बदल करून दोन-चार दिवस छपाई, इंटरनेट, गुणपत्रक सारे चालवून पाहावे आणि नंतर बाकीचे हाती घ्यावेत. परीक्षेच्या आठवड्यात नुसत्या नव्या सोयींसाठी गाभ्याला हात लावू नये. बदल अर्ध्यावर असताना वीज गेली तर यंत्र अडकते, म्हणून युपीएस हवा. लिनक्समध्ये जुना कर्नेल सहसा शिल्लक राहतो. संगणक सुरू करताना तो निवडता येतो. तो लगेच पुसू नये.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आपल्या शाळेतल्या प्रत्येक संगणकात कोणती आवृत्ती आहे आणि तिला दुरुस्त्या कधीपर्यंत मिळणार आहेत, याचा तक्ता विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावा. केव्हा बदलायचे याचे निम्मे उत्तर त्या तक्त्यातच मिळेल.