तळावरची अक्षरे

दिल्लीच्या आर. के. पुरम वसाहतीत राहणाऱ्या सरकारी नोकराचा संसार बदलीच्या आज्ञेची वाट पाहत असतो. तीनचार वर्षांनी सामान बांधावयाचे आणि नव्या घरी ते शाबूत निघाले म्हणजे समाधान मानावयाचे. आमच्या सामानात सर्वांत अधिक जपली जाते ती वीतभर उंचीची एक जपानी फुलदाणी. ती आजोबांनी मुंबईत घेतली. ती दोनशे वर्षांपूर्वीची असून कोणा सामुराई घराण्यातून आलेली आहे, अशी आमच्या कुटुंबाची श्रद्धा. गेल्या वर्षी पुसता पुसता तिच्या तळावरची पुसट अक्षरे मी प्रथमच भिंगाखाली धरली, आणि त्या श्रद्धेला तडा गेला. ती अक्षरे कोणती, हे सांगण्यापूर्वी या फुलदाण्यांचा थोडा इतिहास सांगितला पाहिजे.

जपानात चिनीमातीचे काम तसे उशिराच सुरू झाले. हिदेयोशीने १५९२ ते १५९८ या काळात कोरियावर स्वाऱ्या केल्या आणि परतणाऱ्या सरदारांनी आपल्याबरोबर कोरियन कुंभार नेले. क्यूशू बेटावरील अरिता गावी सतराव्या शतकाच्या आरंभी चिनीमातीची भांडी होऊ लागली, ती या कुंभारांच्या हातून. जवळच्या इमारी बंदरातून माल बाहेर जाई, म्हणून जगाने त्याला इमारी हेच नाव दिले. पुढे चीनमधील युद्धांमुळे तिकडचा माल दुर्मिळ झाला, तेव्हा डच ईस्ट इंडिया कंपनीने अरिताची भांडी युरोपात पोचविली. याच कंपनीची एक वखार त्या शतकात आपल्या वेंगुर्ल्यासही होती.

तथापि आज संग्राहकांच्या कपाटांत दिसणाऱ्या बहुतेक फुलदाण्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील किंवा त्यानंतरच्या आहेत. १८६८ मध्ये मेजी राजवट आली. सामुराईंची वंशपरंपरागत वेतने गेली, आणि १८७६ मध्ये कमरेला तलवार लावण्यासही बंदी झाली. तलवारीच्या मुठींवर नक्षी कोरणाऱ्यांवर उपासमारीची पाळी आली. त्यांतील कित्येकांनी आपले कसब धातूच्या फुलदाण्यांकडे वळविले. सरकारलाही परकीय चलन हवे होते. १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात जपानने आपल्या कारागिरीची मांडणी केली आणि पाश्चात्त्य धनिकांना तिचे वेड लागले. साईच्या रंगाची, झिलईत बारीक तडकांची जाळी असलेली, सोनेरी कामाची सात्सुमा भांडी घरोघरी गेली. तांब्याच्या पात्रावर बारीक तारांची घरे करून त्यांत मिना भरावयाचा, या कामाला जपानीत ‘शिप्पो’, म्हणजे सात रत्ने, असे म्हणतात. क्योतोचे नामिकावा यासुयुकी हे या कलेतील थोर नाव. ते मूळचे सामुराई कुळातील. १८९६ मध्ये त्यांना राजदरबारी कलावंताचा मान मिळाला.

या कलेची आणि आपली गाठ पडली ती मुंबई बंदरात. १८९३ मध्ये जमशेटजी टाटांच्या सहकार्याने निप्पॉन युसेन कायशा या कंपनीने जपान ते मुंबई अशी आगबोटींची फेरी सुरू केली. मुंबईहून बोटी जात त्या मुख्यतः कापसाने भरून. आपल्या शेतकऱ्याचा कापूस जपानी गिरण्यांत गेला आणि जपानी माल आपल्या बाजारात आला. जमशेटजींचे धाकटे पुत्र सर रतन टाटा हे रसिक संग्राहक होते. पाटलीपुत्राच्या उत्खननास द्रव्य पुरविणारेही तेच. १९१८ मध्ये ते निवर्तले. १९२१ मध्ये त्यांचा आणि १९३३ मध्ये बंधू सर दोराबजींचा संग्रह मुंबईच्या वस्तुसंग्रहालयास मिळाला. आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या वास्तूत चिनी व जपानी कलेचे दालन आहे. एकाच्या दिवाणखान्यातील वस्तू तेथे सर्वांची झाली.

सामान्य संग्राहकाने मात्र आरंभ फुलदाणीच्या तळापासून करावा. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर उत्पादक देशाचे नाव घालणे सक्तीचे केले, म्हणून १८९१ पासून ‘निप्पॉन’ हा शिक्का दिसू लागला. १९२१ मध्ये तो शब्द इंग्रजी नव्हे अशी हरकत निघाली आणि त्याच्या जागी ‘जपान’ आले. अर्थात नुसत्या शिक्क्यावर विसंबू नये, कारण खोटे शिक्के पुष्कळ निघाले आहेत. तळाची कड झिजली आहे काय, सोनेरी रंग हात लागतो तेथेच विटला आहे काय, चित्र कुंचल्याचे आहे की छापाचे, हे भिंगाने पाहावे. छापाच्या चित्रात बहुधा सारखे ठिपके दिसतात.

आमच्या फुलदाणीच्या तळावर अक्षरे होती: ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’, परक्यांच्या ताब्यातील जपानात बनविलेली. महायुद्धातील पराभवानंतर १९४५ ते १९५२ पर्यंत जपान दोस्तांच्या ताब्यात होता, आणि १९४७ पासून निर्यातीच्या पुष्कळ मालावर हे शब्द उमटत. म्हणजे आमची फुलदाणी दोनशे वर्षांची नव्हे, ऐंशीचीही नव्हे! आपल्या १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरण्यास शंभर वर्षे लागतात. तिला अजून बराच अवकाश आहे. बाजारात तिला फारसे मोलही नाही.

हे आईला सांगावे की नाही, या विचारात माझे काही दिवस गेले. खोट्या अभिमानापेक्षा खरा इतिहास बरा, असे म्हणणे सोपे. पण तो अभिमान आपल्या वृद्ध मातेचा असला म्हणजे जीभ अडखळते. अखेर एका संध्याकाळी मी तिला ती अक्षरे वाचून दाखविली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे ज्यांचं राज्य गेलं होतं, त्यांनी ही केली. आणि आपल्याला नुकतंच मिळालं होतं, तेव्हा तुझ्या आजोबांनी ती घेतली. असू दे. जिथे आहे तिथेच ठेव.”

भाजलेल्या शहरांतून उठून कोणा अनामिक कारागिराने तिच्यावर दोन बगळे रंगविले आहेत. वर्षानुवर्षे मी ते पाहत होतो; परंतु त्यांच्याकडे माझे लक्ष गेले, ते तळ वाचल्यानंतरच. आपणांपैकी कोणाच्या घरी अशी फुलदाणी असेल, तर तिची किंमत करून घेण्यापूर्वी ती एकदा उलटी करून वाचावी.