प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज

1941 च्या मे महिन्यात सी. एस. लुईस बीबीसीकडे आवाजाची चाचणी द्यायला गेले. ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकवणारा हा माणूस बोलण्यात तरबेज होता, पण स्वतःचा आवाज यंत्रातून त्याने कधी ऐकला नव्हता. तो ऐकवल्यावर लुईस चक्रावले. बालमित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी सांगितलं की त्या आवाजात आपली म्हणावी अशी एकही खूण सापडली नाही.

पुढे त्याच आवाजाने ख्रिस्ती विश्वाससमर्थनाला श्राव्य रूप मिळवून दिलं. देव आहे कशावरून, असेल तर जगात एवढं दुःख का, येशूचं पुनरुत्थान खरं मानायला आधार काय, या प्रश्नांना तर्काने आणि पुराव्याने उत्तरं देण्याची विद्या म्हणजे विश्वाससमर्थन. चर्चच्या वर्तुळात तिला सरळ ‘अपोलोजेटिक्स’ म्हणतात. आज या विषयावरची व्याख्यानं, वादविवाद, प्रश्नोत्तरं यांचे हजारो तास फोनवर फुकट ऐकता येतात. या साऱ्याचं मूळ पुष्कळजण प्रवचनात शोधतात. मला ते तिथे दिसत नाही. प्रवचनात एकजण बोलतो आणि बाकीचे आधीच मानणारे असतात. या ध्वनिमुद्रणांच्या कुळात मूळपुरुष आहे तो न मानणारा, शंका काढणारा. तो जिथे हजर आहे तिथे ही परंपरा जोमदार दिसते. त्याला जिथे खोलीबाहेर काढलं, तिथे ती पोकळ होत गेली.

लुईसना बोलावणारे होते बीबीसीच्या धार्मिक कार्यक्रमांचे संचालक जेम्स वेल्च. लुईसचं ‘द प्रॉब्लेम ऑफ पेन’ वाचून त्यांनी 1941 च्या फेब्रुवारीत पत्र धाडलं. लंडनवर बॉम्ब पडत होते, घरोघरी रेडिओभोवती माणसं बसत होती. लुईसनी उत्तरात विषय सुचवला तोही विचार करण्यासारखा आहे. प्रेषितांनी सुवार्ता सांगितली ती आपण नियम मोडलाय याची टोचणी असलेल्या श्रोत्यांना. आताच्या माणसाला ती टोचणीच नाही, तर क्षमेची गोष्ट त्याच्यापुढे कशी मांडणार? म्हणून सुरुवात येशूपासून न करता बऱ्यावाइटाच्या जाणिवेपासून करायची. माणसं भांडताना नुसती ओरडत नाहीत, ‘हे बरोबर नाही’ म्हणतात. त्या ‘बरोबर’चं माप येतं कुठून, इथून त्यांनी धागा धरला.

त्याच सुमारास ते विमानदलाच्या तळांवर जाऊन बोलत होते. पहिल्या भाषणांत आपण सपशेल हरलो, असं त्यांना वाटलं. कॉलेजातली भाषा तरुण वैमानिकांच्या डोक्यावरून जात होती. पण रेडिओवर जो साधेपणा उतरला, त्याची तालीम मला वाटतं तिथेच झाली.

6 ऑगस्ट 1941, बुधवार, संध्याकाळी पावणेआठ. पंधरा मिनिटांचं थेट प्रक्षेपण, आधी लिहून मंजूर करून घेतलेली संहिता. असे चार बुधवार ठरले होते. पण पत्रांचा असा पाऊस पडला की सप्टेंबरमध्ये पाचवं भाषण जोडावं लागलं, आणि ते संपूर्ण श्रोत्यांच्या प्रश्नांना दिलं गेलं. मला या साऱ्या मालिकेतली ही घटना सगळ्यात मोलाची वाटते. मायक्रोफोन एकाच दिशेने चालणारं यंत्र, समोरचा माणूस त्यात दिसत नाही. रेडिओच्या त्या भिंतीला श्रोत्यांनी टपालातून भोक पाडलं.

पुढे आणखी तीन मालिका झाल्या, शेवटची 1944 मध्ये. ख्रिस्ती लोक नेमकं काय मानतात हे सांगणाऱ्या दुसऱ्या मालिकेची संहिता लुईसनी अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन आणि रोमन कॅथलिक अशा चार धर्मगुरूंना वाचायला दिली होती. ही सगळी भाषणं आधी छोट्या पुस्तकांतून आणि 1952 मध्ये ‘मिअर ख्रिश्चॅनिटी’ या नावाने एकत्र निघाली. छोट्या पुस्तकांत लुईसनी बोलण्यातली आखूड रूपं तशीच ठेवली होती, आणि आवाजात जिथे जोर दिला तिथे तिरका टाइप वापरला होता. 1952 च्या पुस्तकात त्यांनी ते काढून टाकलं. बोलण्याची नक्कल छापून होत नाही, हे त्यांना कळलं होतं. मूळ आवाज मात्र फारसा उरला नाही. जे थोडं ध्वनिमुद्रण आज ऐकायला मिळतं त्यातला खर्जाचा, ठाम, न घाईचा स्वर ऐकला की बाकीचं गेलं याची हळहळ वाटते.

पण कुळकथा सांगायची तर 1941 च्या बरंच मागे जायला हवं. बायबलातल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात तिसऱ्या अध्यायात आज्ञा आहे ती विचारणाऱ्याला उत्तर देण्याची, आणि तेही सौम्यपणे. म्हणजे विचारणारा आधी आला. मिनुकियुस फेलिक्स या लॅटिन लेखकाचा ‘ऑक्टेव्हियस’ हा संवाद आरंभीच्या ख्रिस्ती शतकांतला. तीन मित्र रोमजवळच्या ऑस्टियाच्या किनाऱ्यावरून चालले आहेत. वाटेत सेरापिस देवाची मूर्ती दिसते, केसिलियस तिला हात ओठांना लावून वंदन करतो, त्यावर ऑक्टेव्हियस बोलतो, आणि केसिलियसला ते लागतं. थोडं पुढे मुलं पाण्यावर भाकऱ्या काढण्याचा खेळ खेळत असतात. तिघे तो बघत उभे राहतात, पण केसिलियसचं लक्ष नाही. मग धक्क्यावरच्या दगडांवर बसून वाद रंगतो. ख्रिस्ती बाजू मांडणाऱ्या या पुस्तकात आधी बोलायचा मान मिळतो तो ख्रिस्ती नसलेल्या केसिलियसला, आणि तो हातचं राखून बोलत नाही.

आपल्याकडे हीच रीत फादर थॉमस स्टीफन्स यांनी पाळली. 1579 मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाचं ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूरला छापलं गेलं. ओव्या मराठी, लिपी मात्र रोमन. ग्रंथ ऐकण्यासाठी रचलेला. चर्चमध्ये तो मोठ्याने वाचला जाई. आणि त्यात श्रोते गप्प बसलेले नाहीत. ते मध्येच थांबवतात, शंका विचारतात, आणि पाद्री गुरू उत्तर देतात. पुराणाच्या रचनेमागे दाखवलेलं निमित्तही श्रोत्याचंच आहे: जुनी पुराणं सुटली, मग त्या जागी आम्ही ऐकायचं काय? ध्वनिमुद्रणाचं यंत्र येण्याच्या कितीतरी आधी मराठीत शंकाकारासकट ऐकायचा ग्रंथ तयार होता, याचा मला अभिमान वाटतो.

पुढे 1857 च्या सुरुवातीला मुंबईच्या समुद्रकिनारी हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबावा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांच्यात जाहीर वाद झाले. अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन यांनी त्यांचा इंग्रजी वृत्तांत त्याच वर्षी छापला, आणि विष्णुबावांच्या बाजूचंही पुस्तक नंतर निघालं. दोन्ही पुस्तकं आपापल्या बाजूने लिहिलेली. त्या संध्याकाळी लोक कुठे हसले, कोण अडखळलं, कुठल्या प्रश्नावर शांतता पसरली, हे कागदावर उमटलेलं नाही. ते सगळं ऐकायला मिळायला हवं होतं, असं मला फार वाटतं.

असा वाद जसाच्या तसा कानावर पडण्याची सोय रेडिओने केली. 28 जानेवारी 1948 ला बीबीसीच्या थर्ड प्रोग्रॅमवर जेझुइट तत्त्वज्ञ फ्रेडरिक कॉपल्स्टन आणि बर्ट्रांड रसेल समोरासमोर बसले. एक चाळिशीचा, दुसरा पंचाहत्तरीचा. देव म्हणजे काय, यावर दोघांनी आधी एकमत करून घेतलं आणि मगच वाद सुरू केला. जगातली कुठलीही गोष्ट स्वतःच्या असण्याचा खुलासा स्वतःतून देत नाही, म्हणून जगापलीकडे त्याचं कारण हवं, हे कॉपल्स्टनचं म्हणणं. विश्व आहे, त्यापलीकडे विचारण्यात अर्थ नाही, हे रसेलचं. कोणीच कोणाला चीत करत नाही. विश्वाससमर्थन शिकू पाहणाऱ्याला मी पहिल्यांदा हाच संवाद ऐकायला सांगेन, कारण प्रतिपक्षाचं म्हणणं त्याच्याच तोंडून आणि पूर्ण ऐकायची सवय इथे लागते.

आणि आता ध्वनिफीत. तिची गोष्ट स्वित्झर्लंडच्या डोंगरात घडते.

फ्रान्सिस शेफर हे अमेरिकन प्रेस्बिटेरियन पाळक 1948 मध्ये बायकामुलांसह युरोपात आले. 1951 मध्ये त्यांच्या स्वतःच्याच श्रद्धेचा पाया हलला. शांपेरी गावात राहत असताना गवताच्या माळ्यावर येरझाऱ्या घालत त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून तपासलं. ख्रिस्ती धर्म खरा नसेल तर तो सोडायचा, इथपर्यंत तयारी ठेवून. 1955 मध्ये धार्मिक प्रभाव पाडल्याच्या कारणावरून त्यांना शांपेरी ज्यात येतं तो कँटन, म्हणजे स्विस प्रांत, सोडावा लागला, आणि वो कँटनमधल्या ह्युएमो गावात त्यांनी ‘लाब्री’ सुरू केलं. फ्रेंचमध्ये लाब्री म्हणजे आसरा. थोरली मुलगी विद्यापीठातल्या मैत्रिणी-मित्रांना सुट्टीत घरी आणू लागली. ते प्रश्न घेऊन येत. मग कानोकानी बातमी पसरली आणि देशोदेशींची पोरं येऊ लागली: अस्तित्ववाद वाचलेली, चर्चवर चिडलेली, काही नुसतीच भटकणारी. शनिवारी रात्री शॅलेमध्ये शेकोटीजवळ बैठक बसे. कुणीही काहीही विचारायचं. शेफर आधी समोरच्याचा प्रश्न नीट उलगडून घेत, मग उत्तर देत. एडिथ शेफर साऱ्यांचं खाणंपिणं बघत, आणि त्या घरातल्या बोलण्याला मोकळेपणा येई तो बराचसा त्यांच्या हातच्या आतिथ्यामुळे.

ही बोलणी मुद्रित करावीत ही कल्पना शेफरना रुचली नव्हती. यंत्र दिसलं की पोरं बिचकतील, बेतून बोलतील, ही त्यांची धास्ती. लाब्रीच्या आठवणींत सांगतात की कुणीतरी मायक्रोफोन फुलझाडांत लपवून ठेवला आणि तिथून फितींची सुरुवात झाली. पूर्वपरवानगीशिवाय केलेलं ध्वनिमुद्रण आज आपण चालवून घेणार नाही. पण शेफरची धास्ती मला महत्त्वाची वाटते. प्रश्न विचारणाऱ्याचा मोकळेपणा गेला तर उत्तरालाही किंमत नाही, हे ते जाणून होते.

फिती वाढत गेल्या तशी लाब्रीत ‘फारेल हाउस’ ही अभ्यासाची जागा उभी राहिली. विद्यार्थी कानाला हेडफोन लावून मेजांशी बसत, समोर फिरणारी रिळं, शेजारी वही. अर्धा दिवस हा अभ्यास, अर्धा दिवस स्वयंपाकघरात नाहीतर बागेत काम. जेवताना पुन्हा चर्चा, म्हणजे सकाळी फितीवर ऐकलेल्या मुद्द्यावर दुपारी ताटावर हरकत घेता येई. रेडिओवरच्या भाषणात मुद्दा निसटला की निसटला. इथे रीळ मागे फिरवता येत होतं. युक्तिवाद शिकणं म्हणजे त्याच जागी पुन्हा पुन्हा परत जाणं, आणि ही सोय चुंबकीय फितीने दिली. श्राव्य साधनाने विश्वाससमर्थन ‘शिकणं’ खऱ्या अर्थाने सुरू झालं ते इथे, असं माझं मत आहे. शेफरचा आवाज काही गोड नव्हता. उंच पट्टीचा, थोडा किरटा. तरीही फितींच्या प्रती दूरदूर गेल्या, घराघरांत त्या ऐकायला मंडळं जमू लागली. त्यांची गाजलेली पुस्तकं 1968 पासून निघाली, तीही आधी बोललेल्या व्याख्यानांतून घडलेली.

फिलिप्सने 1963 मध्ये छोटी कॅसेट आणली आणि फीत खिशात मावू लागली. लुईसनी 1958 मध्ये अटलांटाच्या एपिस्कोपल संस्थेसाठी प्रेमाच्या चार प्रकारांवर केलेली ध्वनिमुद्रणं त्यातल्या शरीरप्रेमाविषयीच्या मोकळ्या बोलण्यामुळे काही बिशपांना खटकली होती. नंतर तीही कॅसेटवर आली. अमेरिकेत वॉल्टर मार्टिन हे विश्वाससमर्थक रेडिओवर श्रोत्यांचे फोन घेऊन उत्तरं देत. पण व्याख्यानांच्या संचांचा बाजार वाढला तसा एक बदल झाला. प्रश्नोत्तरांचा भाग कापला जाऊ लागला. वेळ वाचायचा, आवाज स्वच्छ यायचा. उरायचा एकटा वक्ता आणि त्याच्या टाळ्या.

यातला धोका रवी झकरायस यांच्या बाबतीत उघडा पडला. मद्रासमध्ये जन्मलेल्या या वक्त्याची रेडिओ-व्याख्यानं जगभर ऐकली जात, आपल्याकडच्या इंग्रजी जाणणाऱ्या ख्रिस्ती घरांतही. 2020 मध्ये ते वारले. 2021 च्या फेब्रुवारीत त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या वकिलांच्या अहवालात त्यांनी स्त्रियांशी केलेलं गंभीर लैंगिक गैरवर्तन पुराव्यानिशी पुढे आलं, आणि प्रकाशकांनी पुस्तकं मागे घेतली. दुसऱ्यांच्या शंकांना उत्तर देणाऱ्या या माणसाला त्याच्या जवळच्यांनी वेळेवर प्रश्न विचारले नाहीत. ज्यांनी विचारले त्यांचं ऐकलं गेलं नाही. त्या स्त्रियांचं दुःख कुठल्याही युक्तिवादाने झाकता येणार नाही, आणि झाकूही नये.

लंडनच्या प्रीमियर ख्रिश्चन रेडिओवर 2005 मध्ये जस्टिन ब्रायर्ली यांनी ‘अनबिलीव्हेबल?’ हा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा शंकाकार पुन्हा मेजाशी येऊन बसला. एका बाजूला ख्रिस्ती, दुसऱ्या बाजूला नास्तिक किंवा दुसऱ्या धर्माचा माणूस, मधे सूत्रधार. लाब्रीच्या जुन्या फितीही आता कुणालाही मोफत ऐकता येतात. माझी ऐकण्याची रीत साधी आहे. प्रश्न संपला की थांबवायचं, आपलं उत्तर वहीत लिहायचं, मग पुढे ऐकायचं. आपलं उत्तर किती लंगडं होतं ते लगेच दिसतं.

पण ही सगळी शिदोरी इंग्रजीत आहे, आणि तिच्यातले प्रश्नही बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या माणसाचे. विज्ञानाने देव हद्दपार केला का, हा त्यांचा मोठा प्रश्न. अहमदनगरच्या किंवा वसईच्या ख्रिस्ती मुलाला वर्गमित्र विचारतो तो वेगळा असतो. सगळे रस्ते एकाच ठिकाणी जातात, मग तुझा येशू एकटाच का? कर्माचं फळ ज्याचं त्यालाच भोगायचं असतं, तर दुसऱ्याने वधस्तंभावर जाऊन ते कसं फिटेल? तुकोबांना देव भेटला नाही असं तू म्हणतोस का? या शेवटच्या प्रश्नाला लुईसच्या वा शेफरच्या फितीत उत्तर नाही. त्यासाठी मराठीत ध्वनिमुद्रण व्हायला हवं. एक अभंगांत मुरलेला वारकरी, एक बायबल नीट वाचलेला ख्रिस्ती, दोघांना सारखा वेळ, आणि पहिलं बोलणं वारकऱ्याचं.